वैलावरची गाडी

७ एप्रिल, सोमवार

बियाण्याच्या दुकानातून जानेवारीत मिळालेली ही डायरी कोरीच पडली होती. पावसाची नोंद ठेवायची म्हणून जपून ठेवली होती. पाऊस अजून दोन महिने लांब आहे, तोवर गाडीची नोंद ठेवतो. लोक वाट्टेल ते बोलायला लागलेत. उद्या मी काय पाहिलं, काय ऐकलं ते मलाच आठवलं नाही, तर त्यांचंच खरं व्हायचं.

आज करजखेडा पाटीवर, म्हणजे फाट्यावर, गाडी पुन्हा मिस मारायला लागली, धक्के देत बंद पडली. पंधरा दिवसांत ही चौथी वेळ. गाडी गावाची आहे, जुनी व्हॅन. दर सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसचे चार पेशंट माकणीहून धाराशिवला नेते. दहाला निघायचं, करजखेड्याला चौथा पेशंट वस्तीवरून चालत येतो त्याच्यासाठी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि एकच्या आत दवाखान्यात. तिथं मशीनची वेळ ठरलेली असते. गाडी चालवते माझी सून वृषाली. देखभाल माझ्याकडं.

वृषाली सांगत होती, "मामा, चालू व्हती, पण अंग झाडती. तीन पायांच्या बैलावानी. लाईट लुकलुकती अन् बंद पडती. धा-बारा वेळा स्टार्टर मारला, मग कुठं सुधारली."

सगळे म्हणतात, गाडी गरम झाली की मिस मारते, इंजिन गेलं. मी म्हणतो, इंजिन गेलेलं नाही. चाळीस वर्षं मी पाण्याची इंजिनं, ट्रॅक्टर, जीपा खोलल्या. कुणी शिकवलं नाही. खोलत गेलो, चुकत गेलो, शिकत गेलो. गेलेलं इंजिन कसं वाजतं ते मला झोपेतही कळेल. हे तसं वाजत नाही.

आणि या गाडीचा एकेक नट मी ओळखतो. फेब्रुवारीत सिद्धलिंग म्हणाला, "गुल्या, सीटखाली कायतरी खडखडतंय. मशीनवरून उठल्यावर डोकं आधीच ठणकतं, त्यात ह्ये." इंजिन पुढच्या सीटखालीच आहे आणि तो तिथंच बसतो. मी सीट उचलली, सायलेन्सरच्या तोंडापाशी एक चंदेरी पत्रा ढिला होऊन वाजत होता. दोन बोल्ट काढले, आवाज गायब. पत्राही वाया घालवला नाही, माझ्या बायकोनं, सरूनं, चुलीपाशी लावला. पेशंटच्या डोकेदुखीची एवढी काळजी कोण घेतं?

सिद्धलिंग म्हणजे माझा चौथीपासूनचा दोस्त. दोन्ही किडन्या गेल्याला दोन वर्षं झाली. त्याच्यासाठी ही गाडी थांबता कामा नये. बाकी मला काही सांगायचं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

गाडी धाराशिवला शोरूमला नेली. तिथल्या इंजिनिअरनं लॅपटॉप जोडला. मी गाडीची लक्षणं सांगायला लागलो तर म्हणाला, "बाबा, तुम्ही बसा. हे तुमच्या जमान्यातलं डिझेल इंजिन नाही. हे पेट्रोल इंजेक्शन आहे."

मी म्हणालो, "बसतो. पण ती उभी राहिल्यावर..."

"कोड आलाय बाबा. मिसफायर."

मिसफायर आहे हे तर आमच्या करजखेड्याचा चहावालाही सांगत होता. त्याच्याकडं लॅपटॉप नाही एवढंच.

प्लग बदलले, कॉइल बदलल्या, इंजेक्टर काढून धुतले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोलची बारीक पिचकारी, प्रत्येक सिलिंडरला एक. संध्याकाळी गाडी दिली. शोरूमच्या गार शेडमधून एका चावीला सुरू झाली. इंजिनिअरनं माझ्याकडं पाहिलं. मीही त्याच्याकडं पाहिलं.

१० एप्रिल, गुरुवार

तेच. करजखेडा, वीस मिनिटं थांबा, चावी मारली, अंग झाडलं, बंद. नवे प्लग, नव्या कॉइल, धुतलेले इंजेक्टर घेऊन बंद.

पाऊण तास गेला. वर ऊन, आत चार पेशंट. त्यांना पाणीही मोजून प्यावं लागतं, तहान लागली तरी घोटभरच. दवाखान्यात पोचेपर्यंत मशीन दुसऱ्याला लागली होती. तिथल्या नर्सबाईंनी जमवून घेतलं, पण सिद्धलिंगला चार तासांऐवजी अडीचच तास मिळाले.

परत आल्यावर मी त्याला हात धरून उतरवलं. म्हणाला, "गुल्या, माझी एक सीट कमी धर. गाडीवरचं वज्जंबी कमी व्हईल."

त्याचं वजन ते किती. मी म्हणालो, "तुझ्या वजनानं गाडी थांबत न्हाई, अप्पा."

तो हसला. विनोद करतो म्हणजे तब्येत बरी असणार.

११ एप्रिल, शुक्रवार

गाडी समितीची बैठक. रामकिसन अध्यक्ष. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट मिटवायची घाई असते.

म्हणाला, "गुलाबराव, तुमी लई केलं. पण गाडी म्हातारी झाली. रस्त्यात पेशंटला कमी-जास्त झालं तर जबाबदारी कुणाची? एक मेपासून बंद करू. एसटी हाय की."

मी म्हणालो, "एसटीला दोन गाड्या बदलाव्या लागत्यात. मशीनवरून उठलेला माणूस स्टँडवर उभा राहिलेला बघितलाय का कधी?"

"मग काय करायचं? शोरूमनंबी हात टेकलेत."

"शोरूमनं टेकले. म्या कुठं टेकले?"

कुणीतरी मागून म्हणालं, "तात्या, ती कॉम्प्युटरची गाडी हाय, तुमच्या हाताला लागायची न्हाई."

मी उभा राहिलो. म्हणालो, एक मेपर्यंत वेळ द्या. गाडी करजखेड्याला भर उन्हात वीस मिनिटं थांबवून एका चावीला सुरू करून दाखवतो. नाही झाली तर पाना हातात धरणार नाही.

बोलून गेलो. इंजेक्शनचं मला खरंच पुरतं कळत नाही. पण शब्द परत घेणार नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंती. सकाळी विहारात वंदना झाली. दुपारी मिरवणूक, लेझीम, सगळं होतं. साठ वर्षांत मी एकही जयंती चुकवली नव्हती. आज निळा फेटा बांधला आणि तसाच गाडीत मागं जाऊन बसलो. वृषालीही निळी साडी नेसून चाकावर. चौकातली पोरं म्हणाली, "तात्या, मिरवणूक तिकडं न्हाई." मी म्हणालो, "माझी हिकडंच हाय."

आज मी फक्त कान आणि बोट लावून बसलो.

माकणीहून निघालो. पाऊण तास गाडी तापत होती, चढ चढत होती, एकदाही तिनं मिस मारला नाही. म्हणजे 'गरम झाली की मिस मारते' हे खोटं. सगळं गाव हाच शब्द धरून बसलंय, शोरूमवालाही. मी पण तोच धरून बसलो होतो.

करजखेड्याला थांबलो. सीट उचलून मी इंजेक्टरच्या मुळाशी बोट ठेवलं. दहापर्यंत मोजेपर्यंत टिकलं. गावची आशा कार्यकर्ती शिवांजली आज औषधं आणायला सोबत होती. तिच्या पिशवीत करोनातली ती कपाळावर रोखून ताप मोजायची बंदूक होती. ती म्हणाली, "तात्या, ह्यानं बघू का?" तिनं इंजेक्टरवर रोखली. बंदुकीवर इंग्रजीत दोनच अक्षरं आली. शिवांजलीनं वाचलं, "हाय."

सिद्धलिंग म्हणाला, "बघ, तिलाबी आमची दया आली."

माणसाच्या तापापलीकडं तिला मोजता येत नाही. म्हणून पुन्हा बोट. पंधरा मिनिटांनी ठेवलं तर दोन म्हणायच्या आत उचलावं लागलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं. बोटाला फोड आली, पण डोक्यात उजेड पडला. गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना, इंजेक्टर आधीपेक्षा जास्त तापला होता.

चावी मारली, अंग झाडलं. बारा मिनिटं गेली. तरी आज मला राग आला नाही.

रात्री वृषालीनं मोबाईलवर कुठल्याशा परदेशी मेकॅनिकचं सांगणं लावलं, आणि थांबवत थांबवत मला मराठीत सांगितलं. पिचकारीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पिचकारी उघडते, पण पेट्रोलऐवजी वाफ सुटते. सिलिंडर उपाशी. मग थोडं ताजं पेट्रोल येऊन पिचकारी गार झाली की गाडी सुधारते. चालत्या गाडीत ताजं पेट्रोल सारखं येत असतं, म्हणून चालताना काही होत नाही.

हे तर मी बोटानं आधीच वाचलं होतं. पण सूनबाईला तसं म्हटलं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

टाकीतला पंप तपासला. गाडी बंद केल्यावर पेट्रोलचा दाब टिकतो का ते पाहिलं. टिकतो. इंजेक्टर गळत नाहीत. म्हणजे दोष धगीचाच.

सिद्धलिंगकडं गेलो होतो. त्याच्या विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर नीट चालतो, तरी म्हणाला, "इरम्माला शिकवून ठेव. कोणतं बटण, फ्यूज गेला तर काय, सगळं." उन्हात त्याला जाववत नसेल. मी इरम्मा वहिनींना सगळं दाखवलं. त्यांचं लक्ष नव्हतं.

१७ एप्रिल, गुरुवार

ओल्या फडक्याची परीक्षा. करजखेड्याला थांबल्याबरोबर इंजेक्टरवर ओलं फडकं टाकलं. वीस मिनिटांनी चावी मारली. एका दमात सुरू झाली. मी पाटीवर उभा राहून चहावाल्याला मिठी मारली.

पण वृषाली म्हणाली, "मामा, ह्यो इलाज न्हाई. वायरिंगवर पाणी गेलं तर दुसरंच निघंल. अन् एक सांगू? गेल्या उन्हाळ्यात हीच गाडी, ह्योच रस्ता, हेच ऊन. तवा का नव्हतं होत?"

प्रश्न बरोबर आहे. गेल्या वर्षी मे महिन्यातही नव्हतं. मग बदललं काय? सगळा दिवस डोकं खाजवलं. टायर बदलले, ऑइल बदललं, सीटचं कव्हर बदललं. यातलं काहीच इंजेक्टरला तापवत नाही.

सिद्धलिंग आज आला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. नेमका आजच, गाडी सुधारताना बघायला तो हवा होता.

१९ एप्रिल, शनिवार

सिद्धलिंगचे पाय सुजलेत. दोन उशा घेऊन बसून राहतो. मी म्हणालो सोमवारी नक्की. म्हणाला, "बघू."

गाडी सीटखालून पूर्ण बघितली. काही कमी दिसत नाही. जुनी गाडी असली तरी कशी स्वच्छ ठेवलीय, एक अडगळ नाही.

२० एप्रिल, रविवार

हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. नाहीतर या डायरीला अर्थ नाही.

सकाळी सरूनं भाकरी करून चुलीतला विस्तव ओढला, चुलीचं तोंड घमेल्यानं झाकलं. वैलावर, म्हणजे चुलीला जोडलेल्या बाजूच्या चुलीवर, दूध होतं. मी बाजूला डोकं धरून बसलो होतो. चूल विझून थोडा वेळ झाला, आणि दूध उतू गेलं.

मी वैतागून म्हणालो, "जाळच न्हाई, तर उतू कसं गेलं?"

सरू म्हणाली, "चूल विझली म्हणून वैल लगेच गार व्हत न्हाई. त्याला सोताचा जाळच नसतोय, त्यो शेजारणीच्या जिवावर तापतो. अन् तोंड झाकलं की सगळी धग तिकडंच वळती. तुमी दूध काढायचं, तर बसला कपाळ धरून."

चूल म्हणजे सायलेन्सर. वैल म्हणजे इंजेक्टर. झाकलेलं तोंड म्हणजे सीट. गाडी बंद केली, विस्तव ओढला, आणि सगळी धग वैलाकडं.

पण तेही गेल्या वर्षी होतंच की. चूल तीच, वैल तोच.

तहान लागली म्हणून माठाकडं हात गेला. माठ चुलीला खेटून. झाकणाला हात लागला, गार. मी विचारलं, "सरू, चुलीला खेटून माठ, अन् गार कसा?"

"तुमीच आणलेला पत्रा की. मधी लावल्यापास्नं झळच लागत न्हाई."

चंदेरी पत्रा.

कंपनीनं तो पत्रा खडखडाट करायला लावला नव्हता. सायलेन्सर आणि इंजेक्टर यांच्या मधे धग अडवायला लावला होता. फेब्रुवारीत मी काढला तेव्हा थंडी होती, काही कळलं नाही. उन्हाळा आला आणि गाडी बोलायला लागली, मी मात्र प्लग, पंप, शोरूम सगळ्यांना दोष देत फिरलो.

पत्रा सोडवून घेतला. सरू म्हणाली, "अन् माठ?" म्हणालो, "गोणपाट गुंडाळ." ती गोणपाट आणायला गेली. माझं तोंड बघून समजली असेल.

काजळी घासून पत्रा लावायला घेतला तर दिसलं, एका भोकाचा काठ झिजला होता, म्हणून तो वाजत होता. बोल्टखाली मोठा वायसर, म्हणजे चकती, घातली की झालं असतं. फेब्रुवारीत पाच मिनिटांचं काम होतं. मी दोन मिनिटांचं केलं. आपल्याकडच्या सगळ्या मिस्त्र्यांचा हा धर्मच आहे, वाजेल ते काढायचं. मी कितीतरी पोरांना हेच शिकवलं. वाजणारा पत्रा फेकून दे, गाडी हलकी होते.

आज वायसर घातला, बोल्ट आवळले. वृषालीला घेऊन भर दुपारी एकला करजखेड्याला गेलो. गाडी बंद केली. वीस नव्हे, पंचवीस मिनिटं थांबलो. बोट इंजेक्टरवर ठेवलं, सातपर्यंत टिकलं. वृषालीनं चावी मारली. एका दमात. पुन्हा वीस मिनिटं थांबलो. पुन्हा एका दमात. ती म्हणाली, "मामा, झालं की." मी म्हणालो, "व्हय. इंजेक्टरची जरा बैठक चुकली व्हती. ती बसवली."

खोटं बोललो. तिनं पत्रा लावताना बघितलं होतं. तरी तिनं नुसती गाडी वळवली.

कुणाला सांगायची गरज नाही. गाडी सुधारली, मी जिंकलो. लोकांना एवढंच पुरे.

२० एप्रिल, दिवस मावळताना

पुन्हा लिहायला बसलो.

पाचला सिद्धलिंगच्या ओसरीवर गेलो. तो उशांना टेकून बसला होता. श्वास मोठमोठा. मी म्हणालो, "गाडी झाली. उद्या धाला तयार राहा."

म्हणाला, "बरं झालं. बाकीच्या तिघांचं भलं झालं."

"अन् तुझं?"

"माझं काय, गुल्या. दोन वर्सं फिरलो, लई झालं. ती गाडीबी बघ, नेमकी मधीच थांबायला लागली. दर येळेला पाटीवर बसून म्या विचार करतो, ह्यो इशारा हाय. वरच्यानं गाडीतर्फे सांगितलंय, सिद्धलिंग, आता थांब."

हे मात्र मला ऐकवलं नाही. माझ्या चुकीला हा इशारा समजून बसला होता. मी म्हणालो, "वरच्यानं काय सांगितलं न्हाई. ते म्या केलं."

"काय केलं?"

"फेब्रुवारीत तू खडखडतंय म्हणलास, म्हणून पत्रा काढला. त्यो धग अडवायचा पत्रा व्हता. म्या काढला म्हणून गाडी मिस मारत व्हती. शोरूम न्हाई, इंजिन न्हाई, वरचा न्हाई. म्या."

मला वाटलं आता तो तोंड फिरवील. मग म्हणाला, "म्हंजे म्या देवाची मर्जी म्हणून उशा लावून बसलो, अन् ती तुझी मर्जी?"

"व्हय."

"गुल्या, चौथीत असताना माझ्या बापाच्या सायकलीचा ब्रेक काढला व्हतास. कशापायी?"

"वाजत व्हता."

"अन् म्या कुठं जाऊन पडलो?"

"बाभळीत."

"पंचावन्न वर्सांत काय शिकलास मग?"

त्याचा चेहरा लाल झाला होता. महिन्यात पहिल्यांदा तो माझ्यावर चिडला होता, आणि चिडल्यावर नेहमीचा सिद्धलिंग दिसत होता. उशीवरून पुढं सरकला. म्हणाला, "वरच्यानं बोलावलं तर उठून जाईन. तुझ्या दोन बोल्टांपायी मरायला म्या काय मोकळा न्हाई. इरम्मा, उद्याची पिशवी भर."

वहिनी दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला. मी निघताना मागून आल्या, म्हणाल्या, "भावजी, ते गाडीचं नव्हतं."

मी म्हणालो, "गाडीचंच व्हतं वहिनी. त्या पत्र्याचं."

त्या आत गेल्या. बाईमाणसाला इंजिनातलं कळत नाही, असं लिहिणार होतो. पण वैलाचं सरूनं सांगितलं, म्हणून लिहीत नाही.

२१ एप्रिल, सोमवार

सिद्धलिंग आला. पाय सुजलेले, पायरीवर चढवायला दोघं लागलो. पुढच्याच सीटवर बसला. वृषालीनं करजखेड्याला थांबा कमी करायचा विचार केला होता, आजचा दिवस गाडी बंदच करू नये म्हणत होती. सिद्धलिंग म्हणाला, "बंद कर. बघू दे मला."

चौथा पेशंट येईपर्यंत अठरा मिनिटं गेली. सिद्धलिंग घाम पुसत बसला, अर्धा कप चहा घेतला, माझ्याकडं बघितलंही नाही. मग म्हणाला, "वृषे, मार चावी."

एका दमात.

"बरं," म्हणाला. एवढंच.

मशीनवर चार तास मिळाले. बाईंनी रागावून सांगितलं, एक पाळी चुकली की काय होतं ते समजावलं. त्यानं मान डोलावली. परत येताना झोपला.

२४ एप्रिल, गुरुवार

ऊन बेचाळीस. गाडी ठीक. सूज उतरलीय.

१ मे, गुरुवार

सकाळी ग्रामपंचायतीसमोर झेंडावंदन. समिती तिथंच जमली, कारण गाडीला दहाला निघायचं होतं.

रामकिसन म्हणाला, "गुलाबराव जिंकले. मान्य. गाडी चालू राहील. टाळ्या वाजवा."

टाळ्या वाजल्या. मी घरून ठरवूनच आलो होतो. म्हणालो, "टाळ्या थांबवा. दोष काय व्हता ते कुणी विचारलं न्हाई."

"मिटलं की आता," रामकिसन म्हणाला.

"मिटलं म्हणून सांगतो. ती गाडी म्याच बिघडवली व्हती." आणि पत्र्याचं सगळं सांगितलं. दोन बोल्ट, वायसर, इंजेक्टरच्या बैठकीचं खोटंसुद्धा. वृषाली गाडीपाशी उभी होती, तिनं मान खाली घातली. तिला लाज वाटली असेल.

मग रामकिसन म्हणाला, "म्हंजे महिनाभर पेशंटचे हाल झाले ते तुमच्यामुळं?"

"व्हय."

"मग देखभाल तुमच्याकडं ठेवावी की न्हाई, हा इचार करायला पायजे."

मला राग आला, पण तो बरोबरच बोलत होता. म्हणालो, "करा. चूक माझी, लिहून घ्या. पण गाडी बंद करायचं कारण आता उरलं न्हाई, ते खोडून टाका. अन् ज्या कुणाकडं द्याल, त्याला सांगा, वाजणारी वस्तू काढायच्या आधी ती का लावली ते इचार. हे सांगायला मला पासष्ट वर्सं लागली."

तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून सिद्धलिंगचा आवाज आला. तो आधीच जाऊन बसला होता. "रामकिसन, आमाला कुणी इचारणार हाय का? गाडीत आमी बसतो."

"बोला अप्पा."

"दुसऱ्याला दिली तर त्यो नव्या चुका करंल. ह्याच्या चुका आमाला म्हाईत हायत."

लोक हसले. रामकिसनही हसला. मी हसलो नाही. रामकिसननं देखभाल माझ्याकडंच ठेवायचा निर्णय तिथल्या तिथं लिहायला लावला.

जाताना मी खिडकीपाशी गेलो. म्हणालो, "अप्पा, उपकार झाले."

म्हणाला, "उपकारबिपकार म्हणू नगंस. तुझ्यावर नजर ठेवायला सोपं जातं म्हणून बोललो."

५ मे, सोमवार

आज गाडी सात मिनिटं उशिरा निघाली. पत्र्याचे बोल्ट मी तिसऱ्यांदा आवळून बघत होतो. सिद्धलिंग पावणेदहालाच पिशवी घेऊन चौकात येऊन उभा होता, इरम्मा वहिनींना न सांगता. मी सीट खाली ठेवेपर्यंत त्यानं मला सगळ्या गावासमोर शिव्या घातल्या. मशीनची वेळ गेली तर कुणाच्या बापाचं जाणार हाय, असं विचारलं.

मी गाडीचं दार लावलं. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत तो बोलतच होता.